गोव्याहून बव्हेरियाच्या आल्प्समध्ये हायकिंग: कुठला डोंगर, किती चढ, कशी तयारी

जर्मनीत डोंगर चढायचेत म्हणून कोणी सल्ला मागायला आलं की मी आधी उलट विचारते, एका दिवसात किती मीटर चढू शकता? किलोमीटर नाही हं, मीटर, आणि तेही उभे, म्हणजे ट्रेकवाले ज्याला हाइट गेन म्हणतात ते. आपल्याकडे बहुतेकांना हा आकडा माहीतच नसतो, कारण गोव्यात फिरणं म्हणजे एकतर समुद्र नाहीतर धबधबा, आणि धबधब्याची वाट लांब असली तरी तिला चढ फारसा नसतो. आल्प्समध्ये मात्र किती वाजता निघायचं, पाणी किती घ्यायचं, आईबाबांना न्यायचं का, परतीची कुठली ट्रेन मिळेल, हे सगळं या एका आकड्यावरच ठरतं.

मी लिहितेय ते दक्षिण बव्हेरियाबद्दल, मुख्यतः गार्मिश-पार्टेनकिर्शन आणि आसपास. म्युनिकहून रिजनल ट्रेनने दीड तासाच्या आत पोचता येतं, गाव साधारण 700 मीटरवर आहे आणि स्टेशनातून बाहेर आलं की समोर वेटरश्टाइन रांगेची भिंतच उभी, तिच्यात जर्मनीचं सगळ्यात उंच शिखर त्सुगश्पित्झे, 2962 मीटर. हाच भाग निवडायचं कारण साधं आहे, गाडी भाड्याने न घेता एकाच गावात राहून सपाट तलावापासून ते दोन दिवसांच्या चढाईपर्यंत सगळं करता येतं, आणि घरातल्या प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कुवतीचा डोंगर मिळतो.

आकड्याचा हिशोब

शिखराची उंची बघून घाबरू नका आणि भुलूही नका. त्सुगश्पित्झे 2962 मीटर आहे पण रोपवेने गेलात तर तुमचा चढ जवळपास शून्य, आणि शेजारचा वांक नावाचा डोंगर फक्त 1780 मीटर आहे पण तो गावातून पायी चढलात तर हजाराहून जास्त मीटर अंगावर येतात. म्हणून नकाशात कायम दोन गोष्टी बघायच्या, चाल कुठून सुरू होते आणि कुठे संपते.

वेळ काढायची जर्मन पद्धत एकदम सोपी आहे, त्याचं रीतसर स्टँडर्डच आहे, डीआयएन 33466. तासाला 300 मीटर चढ, तासाला 500 मीटर उतार, आणि आडवं अंतर तासाला 4 किलोमीटर. उभ्याचा वेळ वेगळा काढा, आडव्याचा वेगळा, मग जो मोठा असेल तो पूर्ण धरायचा आणि जो लहान असेल त्याचा अर्धा त्यात मिळवायचा. समजा 900 मीटर चढ आहे आणि 8 किलोमीटर चाल, तर उभ्याचे 3 तास, आडव्याचे 2 तास, म्हणजे 3 अधिक 1, एकूण 4 तास. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर जे तास लिहिलेले असतात ते साधारण याच चालीचे असतात, आणि त्यात थांबणं, खाणं, फोटो काढणं काहीही धरलेलं नसतं. पहिल्यांदा जाणाऱ्या आपल्या माणसांनी पाटीवरच्या वेळेत निदान तिसरा हिस्सा तरी वाढवावा असं माझं मत आहे, मुलं सोबत असतील तर अर्धा.

पाट्यांवर रंगाचे ठिपकेही असतात. निळा म्हणजे सोपी वाट, लाल म्हणजे अरुंद आणि मध्यम कठीण, काळा म्हणजे खडी, अरुंद आणि जिथे पडलं तर खरंच पडलं अशी वाट. पहिल्या ट्रिपला निळ्या आणि लाल वाटा भरपूर झाल्या. लाल वाटेवरसुद्धा काही जागी एका बाजूला उघडी दरी असते, तर ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी ते आधीच सोबतच्यांना सांगून ठेवा, वर धारेवर पोचून सांगितलं तर सगळ्यांचीच पंचाईत होते.

सराव गोव्यातच करा

आपल्याकडे डोंगर नाहीत ही तक्रार मला मान्यच नाही. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर साधारण साडेतीनशे मीटर आहे, वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. गाडी जवळपास वरपर्यंत जाते, ती गाडी पायथ्यालाच ठेवा आणि चालत जा. एकदा चढलात की तुमचा 300 मीटरचा वेळ कळला, तास लागला की सव्वा तास की पाऊण, तो लिहून ठेवा. मग महिनाभर रविवारी जाऊन एका दिवसात दोनदा चढायचं, खाली येऊन परत वर. चढताना दम लागतो पण खरी परीक्षा उतरताना असते, दुसऱ्या उतारावर मांड्या थरथरायला लागल्या तर समजायचं की गार्मिशला उतार रोपवेनेच करायचा. सत्तरीतल्यांना वाघेरी जवळ आहे, फोंड्याच्या लोकांना बोरीचा सिद्धनाथ. पणजीत राहणाऱ्यांनी आल्तिनोच्या पायऱ्या सकाळी पाठीवर बॅग घेऊन चढाव्यात, लोक बघतात तर बघू देत.

आपल्या दमट हवेत जो सराव होतो तो तिथे फार कामी येतो. आपण इथे मार्च-एप्रिलमध्ये घामाने निथळत चढतो, तिथल्या कोरड्या गार हवेत तेवढाच चढ हलका वाटतो. मात्र पाणी प्यायचं विसरायला होतं, कारण घाम दिसत नाही, वाऱ्याने लगेच सुकतो. तहान लागो न लागो, अर्ध्या तासाने दोन घोट घ्यायचेच.

बूट हा एकच खर्च असा आहे की त्यात काटकसर करू नका. सँडल, फ्लोटर, जॉगिंगचे शूज, यातलं काही चालणार नाही. घोट्याच्या वर येणारे, जाड सोलचे ट्रेकिंग बूट घ्या आणि ते इथेच वापरून मऊ करा, नवे कोरे बूट विमानात नेलेत तर दुसऱ्या दिवशी टाचेला फोड ठरलेला. दगडाचा फरक पण लक्षात घ्या. आपला जांभा खरखरीत, उन्हाळ्यात त्याच्यावर पाय धरून राहतो, वेटरश्टाइन मात्र सगळा चुनखडीचा आहे, आणि ज्या वाटांवर वर्षानुवर्षं हजारो लोक चालतात तिथले दगड वाटून वाटून झिजलेल्या रगड्यासारखे गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की त्यांच्यावर पाय ठरत नाही. जंगलात झाडांची मुळं तशीच निसरडी. पाय पूर्ण टेकवून, लहान पावलं टाकत चालायचं, आणि ट्रेकिंग पोल असतील तर उतारावर ते थोडे लांब करून घ्यायचे, गुडघे वाचतात.

कपड्यांचा नियम उंचीवरूनच येतो. दर 100 मीटरला साधारण 0.6 अंश तापमान उतरतं, म्हणजे गार्मिशला टीशर्टमध्ये फिरत असाल तेव्हा त्सुगश्पित्झेवर 13-14 अंश कमी असतं आणि वर वारा. जुलैतसुद्धा बॅगेत एक फ्लीस, पावसाचं जॅकेट, पातळ टोपी आणि हातमोजे हवेतच. जीन्स नको, भिजली की सुकत नाही. आणि सनस्क्रीन लावा, आपण सावळे म्हणून काही होत नाही हा गैरसमज आहे, वरच्या उन्हात नि बर्फाच्या चकाकीत नाक आणि ओठ सोलवटतात.

कधी जायचं, कसं फिरायचं

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मे महिन्यात शाळेला सुट्टी म्हणून आपल्याकडचे लोक मेमध्ये जातात, तेव्हा खालच्या वाटा छान असतात पण 1800 मीटरच्या वर उत्तरेच्या उतारांवर बर्फ शिल्लक असतो आणि बऱ्याच हट, म्हणजे डोंगरातली खायची-राहायची घरं, उघडलेल्या नसतात. मला विचाराल तर सप्टेंबर. चतुर्थी झाली की निघायचं. गर्दी कमी, हवा स्थिर, दुपारची वादळं जुलै-ऑगस्टइतकी नसतात, आणि त्याच दिवसांत वरच्या कुरणांतली गुरं सजवून गावात खाली आणतात तो सोहळा बघायला मिळतो. फक्त दिवस लहान होत जातो, जूनमध्ये रात्री नऊला उजेड असतो, ऑक्टोबरमध्ये साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, ते हिशोबात धरा.

ट्रेनसाठी ग्रुप असेल तर बायर्न-टिकेट घ्या, एका तिकिटावर 5 जणांपर्यंत दिवसभर बव्हेरियातल्या सगळ्या रिजनल ट्रेन चालतात, फास्ट आयसीई चालत नाही. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी आणि सुट्टीला मध्यरात्रीपासून. म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशी म्युनिकहून या तिकिटावर निघालात तर डोंगराच्या पायथ्याला पोचायला अकरा वाजतात, आणि मोठ्या चढासाठी ते उशिराचं आहे. म्हणूनच मी म्हणते गार्मिशलाच दोनतीन रात्री राहा. महिनाभर राहणार असाल, मुलांकडे वगैरे, तर डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या रिजनल ट्रेनचा महिन्याचा पास, स्वस्त पडतं, पण ते सबस्क्रिप्शन असतं आणि वेळेत रद्द करायला लागतं. राहायच्या जागी गेस्ट कार्ड मागून घ्या, स्थानिक बस आणि काही सवलती त्यावर मिळतात.

रोपवे वर्षातून दोनदा, साधारण वसंत ऋतूत आणि नोव्हेंबरच्या सुमाराला, मेंटेनन्ससाठी बंद असतात. निघायच्या आदल्या रात्री त्या त्या रोपवेच्या वेबसाइटवर चालू आहे का आणि शेवटची फेरी कितीची आहे हे बघायचंच.

आता डोंगर, सोप्यापासून वर

पहिल्या दिवशी, विमानाचा शीण असताना, आयबझे तलावाची फेरी करा. त्सुगश्पित्झेच्या अगदी पायथ्याला हिरवंनिळं पाणी, मधे लहान लहान बेटं, सात-साडेसात किलोमीटरची जवळपास सपाट वाट, दोन तास. आजीआजोबा, लहान मुलं सगळ्यांना जमतं आणि उत्तरेच्या काठावरून वळून बघितलं की डोंगर पूर्ण पाण्यात दिसतो.

दुसरा सोपा पण मस्त दिवस म्हणजे पार्टनाखक्लाम ही नदीची घळ आणि एकबाउअर हा डोंगर. 1936 च्या हिवाळी ऑलिंपिकचं स्की स्टेडियम गावातच आहे, तिथून चालत घळीच्या तोंडाशी जायचं. सुमारे 700 मीटर लांबीची घळ, दोन्ही बाजूंना 80 मीटरच्या वर कातळ, आणि नदी तुमच्या पायाशी आपटत घोंघावत जाते. वाट कातळ कोरून काढलीय, वरून पाणी ठिबकतं म्हणून कडक उन्हातही जॅकेट हाताशी ठेवा. तिकीट आहे. बर्फ वितळतो त्या दिवसांत किंवा खूप पाऊस झाला तर बंद ठेवतात. घळीतून बाहेर पडून एकबाउअरला, 1237 मीटर, दीड-दोन तासांचा चढ, साधारण 500 मीटर, म्हणजे चंद्रनाथ दीड वेळा. उतार रोपवेने.

वांक हा माझ्या मते गोव्याच्या माणसासाठी पहिलं खरं शिखर. तो वेटरश्टाइनच्या बरोबर समोर, दरीच्या पलीकडे आहे, त्यामुळे त्सुगश्पित्झे, आल्पश्पित्झेचा त्रिकोण आणि खाली अख्खं गार्मिश एका नजरेत बसतं, जे त्सुगश्पित्झेवर उभं राहून दिसूच शकत नाही. दक्षिणेकडे तोंड असल्याने ऊन भरपूर. धडधाकट असाल तर पार्टेनकिर्शनहून पायी, हजारेक मीटर चढ, तीन-साडेतीन तास, आणि रोपवेने खाली. गुडघ्यांची कुरकुर असेल तर रोपवेने वर जाऊन माथ्यावरच्या सपाट गोल वाटांवर फिरा. आमच्या आईला आम्ही असंच नेलं होतं. ती काठावरच्या बाकावर बसून बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, इथे जेवण झाल्याशिवाय मी उठणार नाही. वर हट आहे, जेवण मिळतं.

आल्पश्पिक्स बघायचं असेल तर आल्पश्पिट्झबान या रोपवेने ओस्टरफेल्डरकोफला जा, 2000 मीटरच्या वर. तिथे 2010 साली बांधलेले दोन स्टीलचे सज्जे एकमेकांना छेदून दरीत आडवे झेपावलेत, पायाखाली जाळी आणि जाळीखाली होलेनटालची खोल दरी. पण नुसतं ते बघून त्याच रोपवेने परत येऊ नका. तिथून होखआल्मवरून क्रोइत्सएकपर्यंत, 1651 मीटर, उतरत चालत या, दीड-दोन तासांची निवांत वाट आहे, कुरणं, गाईच्या घंटा, आणि पाठीशी आल्पश्पित्झेचा कातळ. तिथून दुसरा रोपवे खाली आणतो, एकाच तिकिटात फेरी पूर्ण होते. आल्पश्पित्झेच्या माथ्यावर, 2628 मीटर, जाणारी लोखंडी केबलची वाट ओस्टरफेल्डरहूनच सुरू होते, लोक भराभर जाताना दिसतात, पण हार्नेस, केबलला लावायचा सेट आणि हेल्मेट नसेल तर त्यांच्या मागे जाऊ नका.

आणि आता जिच्यासाठी मी एवढं लिहायला बसले ती वाट, हेर्त्सोगश्टांड ते हाइमगार्टन. ही गार्मिशच्या ईशान्येला वाल्शनझे तलावाकाठी आहे, म्युनिकहून ट्रेनने कोखल, तिथून बसने वाल्शनझे गाव. हेर्त्सोगश्टांड 1731 मीटर, हाइमगार्टन 1790, आणि दोघांना जोडणारी एक लांब धार. एका हाताला वाल्शनझे, जवळपास 800 मीटर उंचीवर, दुसऱ्या हाताला कोखलझे, त्याहून 200 मीटर खाली, आणि कोखलझेच्या पुढे डोंगरच संपतात, म्युनिकच्या दिशेने सगळं सपाट. दोन तलावांमधल्या त्या 200 मीटरच्या फरकावर 1924 पासून वीजनिर्मिती होते, धारेवरून तुम्हाला ते दोन्ही तलाव एकदम दिसतात आणि पाणी कुठून कुठे पडतं ते नकाशा न बघता कळतं.

कशी करायची सांगते. सकाळच्या रोपवेने वर जा, हटपासून वळणावळणाची रुंद वाट पाऊण तासात हेर्त्सोगश्टांडच्या माथ्यावर नेते, तिथे छोटा लाकडी मंडप आहे. इथपर्यंत कोणीही येऊ शकतं, आणि बरेच जण इथूनच परत जातात, त्यात काही कमीपणा नाही. पुढे धार सुरू होते. सुरुवातीला उतार, मग वरखाली, काही जागी वाट एक माणूस जाईल एवढीच आणि कातळात स्टीलची केबल ठोकलेली. समोरून माणूस आला की चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आपण डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. मी भाच्यासोबत गेले तेव्हा सकाळी केबल इतकी गार होती की बोटं बधिर झाली, हातमोजे तिथे खरे उपयोगी पडले. धारेच्या पाठीवर झुडपी पाइन आहे, मधेच त्याचा राळेसारखा वास येतो. दीड-दोन तासांत हाइमगार्टन. तिथे पण लहान हट. मग जंगलातून सरळ वाल्शनझे गावात उतार, हाच उतार लांब आहे, हजारेक मीटर, आणि शेवटच्या तासात लक्ष उडतं नि तेव्हाच लोक घसरतात. मधे दहा मिनिटं बसा, काहीतरी खा, मगच पुढे. एकूण पाच-सहा तास धरा. ओल्या दिवशी, किंवा ढगांचा गडगडाट होणार असं भाकीत असेल तर ही धार करायची नाही, तिच्यावरून पळून जायला आडवाटच नाही.

त्सुगश्पित्झे

जर्मनीचं सर्वोच्च टोक म्हणून सगळ्यांनाच जायचं असतं, जा. गार्मिशहून 1930 पासून चालणारी दातेरी रुळांची ट्रेन आहे, ती आयबझेवरून बोगद्यातून वरच्या पठारावर जाते, आणि आयबझेहून 2017 साली सुरू झालेला नवा रोपवे आहे. या रोपवेला मधे एकच खांब आहे, 127 मीटर उंच, आणि खांबापासून वरच्या स्टेशनपर्यंत 3213 मीटर केबल नुसती हवेत, 1945 मीटर उंची दहा मिनिटांत. वर जाताना ट्रेन, खाली येताना रोपवे असं करा, दोन्ही बघून होतं. दहा मिनिटांत एवढं वर गेलं की काहींचं डोकं हलकं होतं, पायऱ्या हळू चढा, पाणी प्या, हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून जा. सोनेरी क्रूस ज्या टोकावर आहे तिथे जायला शेवटचा तुकडा कातळावरून शिडी आणि केबल धरून आहे, तिथे रांग लागते, आणि लोक सपातांनी चढायला बघतात ते बघवत नाही. टेरेसवरून तोच देखावा दिसतो. पठारावर उत्तरेची श्नेफेर्नर हिमनदी अजून आहे, दक्षिणेची 2022 मध्ये एवढी वितळली की तिला हिमनदी म्हणणंच थांबलं. आता जर्मनीत चारच हिमनद्या उरल्यात. मुलांना ते पांढरं मळकट बर्फ नीट दाखवा.

पायी जायचं असेल तर रायनटालची वाट. स्की स्टेडियमपासून घळीतून, नदीच्या काठाने, 20-21 किलोमीटर आणि साधारण 2200 मीटर चढ. तांत्रिक अडचण सगळ्यात कमी याच वाटेला आहे पण 2200 म्हणजे सहा चंद्रनाथ, म्हणून दोन दिवसांत करा, रात्री रायनटालआंगरहट किंवा वरची क्नोरहट, जी 2052 मीटरवर आहे. शेवटचा टप्पा घसाऱ्याचा आणि केबलचा आहे, तिथे दमलेल्या पायांनी जायला नको म्हणून क्नोरहटला झोपणं जास्त बरं. होलेनटालमधून जाणारी वाट फोटोंत सुंदर दिसते, पण तिच्यात हिमनदी पार करावी लागते, क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना लावायचे लोखंडी काटे, आणि हार्नेस लागतं, ती अनुभवी गाइडशिवाय नाही.

बव्हेरियाच्या आग्नेय टोकाचं बेर्श्टेसगाडेन गार्मिशहून एका दिवसात होण्यासारखं नाही, तिथे वेगळे दोन दिवस द्या. कोनिगझे तलावात 1909 पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, कड्यासमोर बोट थांबवून तुतारी वाजवतात आणि प्रतिध्वनी ऐकवतात. वरून तलाव बघायला येन्नर, 1874 मीटर, रोपवेच्या वरच्या स्टेशनपासून माथा थोड्याच चालीवर. समोर वाट्झमान, 2713 मीटर.

वर खायचं काय

हटमध्ये रोख पैसे ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही. रात्री राहायचं असेल तर आधी ऑनलाइन बुकिंग, आणि स्वतःची पातळ चादरीची स्लीपिंग बॅग न्यायलाच लागते. 1869 साली म्युनिकमध्ये स्थापन झालेल्या जर्मन अल्पाइन क्लबच्या बऱ्याच हट आहेत, सदस्यांना स्वस्त पडतात आणि सदस्यत्वासोबत बचावकार्याचा विमाही येतो.

सोमवारी, गुरुवारी शिवराक खाणाऱ्यांनी नीट ऐका. केझेश्पेट्झले म्हणजे चीज घातलेल्या घरगुती शेवया, त्या चालतात, फक्त अंडं असतं. कायझरश्मार्न म्हणजे फाडलेलं गोड धिरडं, त्यातही अंडं. पण पॅनकेकच्या पट्ट्या घातलेलं जे साधं दिसणारं सूप असतं त्याचा रस्सा बहुतेक वेळा बीफचा असतो, आणि क्नोडेलच्या गोळ्यांत बेकन असू शकतं. विचारूनच घ्या, ते लोक सरळ सांगतात. वाटेवर कोणी भेटलं की ग्रुस गॉट म्हणा, सगळे म्हणतात.

बॅगेत जत्रेतलं खाजं न्या. चण्याचं पीठ, गूळ, आलं, तीळ, दिवसेंदिवस टिकतं, उन्हात वितळत नाही, दोन कांड्या चावल्या की चढायला परत ताकद येते, आणि आल्याने मळमळ पण थांबते. पेढे, तुपातल्या-दुधाच्या मिठाया किंवा मटणाचं काही नेऊ नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात.

हवा बिघडली, कोणी पडलं तर

जर्मन हवामान खात्याचं वॉर्नवेटर अॅप घ्या, शिखरांवरचे वेबकॅम सकाळी उठल्या उठल्या बघा. उन्हाळ्यात वादळ बहुधा दुपारनंतर येतं, म्हणून धार आणि माथा एक वाजायच्या आत सोडलेला असावा. गडगडाट ऐकू आला तर केबल, क्रूस, शिडी, एकटं झाड यांच्यापासून लगेच लांब. दक्षिणेकडून फ्योन नावाचा कोरडा गरम वारा सुटतो तेव्हा मात्र हवा इतकी स्वच्छ होते की लांबलांबच्या रांगा स्पष्ट दिसतात, असा दिवस मिळाला तर बाकी सगळं सोडून वांकवर जा, फक्त वारा जोराचा असला तर रोपवे बंद ठेवतात. कुरणातून जाताना फाटक उघडलं तर आपण बंद करायचं आणि वासरू असलेल्या गाईच्या जवळ जायचं नाही.

मदतीचा नंबर 112. फोन लागत नसेल तर एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा वेळा. कोणी बघितलं तर मिनिटाला तीन वेळा उत्तर येतं. म्हणून प्रत्येकाच्या बॅगेत एक शिट्टी, मुलांच्या गळ्यात. शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोचा विमा काढावाच लागतो, पण त्यात डोंगरातली चाल आणि हेलिकॉप्टरने उचलणं धरलंय का हे एजंटकडून लेखी घ्या, नुसतं हो हो म्हणून चालत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना व्हिसा लागत नाही म्हणून ते विम्याचा विचारच करत नाहीत, त्यांनी पण काढा.

निघताना हॉटेलमध्ये सांगून जा, कुठल्या वाटेने जाताय आणि किती वाजेपर्यंत परत याल. आणि वादळाचा दिवस नसला तरी दुपारी दोनपर्यंत माथा आला नसेल तर जिथे असाल तिथून वळा, कारण शेवटचा रोपवे बहुतेक ठिकाणी साडेचार-पाचच्या आसपास सुटतो आणि तो चुकला की ते सगळे मीटर अंधारात पायांनी उतरावे लागतात.